पाणी हवंय, कोड नको

संगीताताई वाहूळ यांनी आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटानं माझ्याकडे सरकवला. काचेला कोपऱ्यात तडा होता. स्क्रीनवर मधोमध एक निळी चौकट होती आणि चौकटीत दोन बटणं. एक मोठं, हिरवं: ‘हो, सगळं मान्य! मला पाणी हवंय.’ त्याच्या खाली बारीक, करड्या अक्षरांत दुसरं: ‘नको, मला कोरडंच राहू द्या.’

“हे वाचा मॅडम,” त्या म्हणाल्या. “मला कोरडंच राहू द्या. मी कधी म्हणले असं? मी फक्त नको म्हणले.”

मी ग्राहक तक्रारींच्या केसेस चालवते. फुटक्या टाइल्स, ताबा न देणारे बिल्डर, वॉरंटीतले बंद फ्रिज असं माझं रोजचं काम. बटणाविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या या पहिल्याच बाई.

“मग कोणतं दाबलं?” मी विचारलं.

“दोन्ही दाबून झाले. नको दाबलं तर पाणी नाय. हो दाबलं तर झोप नाय.”

संगीताताईंची बजाजनगरात खानावळ आहे. वाळूजच्या कंपन्यांत काम करणारी, बाहेरगावची एकटी पोरं त्यांच्याकडे दोन वेळा जेवतात. पहिल्या शिफ्टचे डबे पहाटे जातात. खानावळीला लागतं पाणी, आणि आमच्या शहरात नळाला पाणी येतं तेव्हा येतं. उन्हाळ्यात टँकरशिवाय त्यांची चूल पेटत नाही.

त्या ज्या कंपनीचा टँकर घेत, तिचं नाव ‘पाणीपोच’. मालक काळे. मूळचे करमाडचे, घरची जमीन, विहिरी, त्यातून टँकरचा धंदा वाढत गेलेला. आधी काळ्यांच्या माणसाला फोन केला की टँकर यायचा. मग त्यांनी पुण्याच्या एका एजन्सीकडून वेबसाइट बनवून घेतली आणि फोनवरचं बुकिंग बंद केलं. प्रगती म्हणतात ती हीच.

वेबसाइटवर ‘नको’ दाबलं की चौकट जायची आणि थोड्या वेळानं परत यायची. पुन्हा ‘नको’ दाबलं की पुन्हा. शेवटी एक ओळ उमटायची: ‘ही सेवा वापरण्यासाठी सर्व परवानग्या आवश्यक आहेत.’ एकदा टाकी तळाला गेली होती, तेव्हा संगीताताईंनी वैतागून ‘हो’ दाबलं. टँकर आला. त्याच्यासोबत बाकीचंही आलं. पहाटे कणीक मळताना फोन वाजायचा: ‘संगीता, तुमची टाकी रिकामी तर होत नाही ना?’ मग बोअर मारून देणाऱ्यांच्या जाहिराती. मग पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या. मग बाथटबच्या.

“बाथटब म्हणजे झोपून आंघोळ करायची ना?” त्यांनी मला विचारलं. “इथं बादलीभर पाण्यात चौघांचं भागवतो आम्ही.”

शिवाय फोन तापायला लागला, अडकायला लागला. जेवायला येणाऱ्या पोरांचे निरोप उशिरा दिसायला लागले. डबे चुकायला लागले.

मी त्यांना व्यवहाराचं सांगितलं. म्हटलं, “ताई, केसला वेळ लागतो. फोनच्या सेटिंगमधून निरोप बंद करून टाका, हो दाबा आणि मोकळ्या व्हा. अख्खं जग हो दाबतं.”

त्यांनी फोन उचलून पदराला पुसला. “मॅडम, तुमच्याकडं गॅसचा माणूस येतो. सिलिंडर ठेवतो आणि जातो. उद्या तो म्हणाला, आधी तुमच्या घरात मी एक कोपरा धरून बसणार, तुम्ही काय करता, कुठं जाता बघणार, मगच सिलिंडर देणार. तुम्ही काय कराल?”

“पोलिसांना बोलवीन.”

“मग?” त्या म्हणाल्या.

मी वकीलपत्र काढलं.

आता, केस उभी करायची तर वेबसाइट त्यांच्या फोनात नेमकं काय करते ते मला कळायला हवं होतं. त्यासाठी मी इरफानभाईंना गाठलं. शहागंजात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, वेबसाइटही बनवतात. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर ‘पाणीपोच’ उघडली, शेजारी एक दुसरी खिडकी उघडली आणि त्यात नावांची रांग धावायला लागली. ती संपेचना.

“देखो मॅडम,” इरफानभाई म्हणाले. “पानी मांगने एक बंदा आया, पीछे पूरी बारात.”

मला समजलं ते असं. आपल्याला वाटतं की वेबसाइट म्हणजे पान, वर्तमानपत्रासारखं. तसं नसतं. वेबसाइट उघडली की तिकडून आपल्या फोनकडे आज्ञांची चिठ्ठी येते. हाच कोड. फोन मुकाट्यानं त्या आज्ञा पाळतो. बॅटरी आपली, इंटरनेटचा पॅक आपला, फोन आपला, हुकूम दुसऱ्याचा. त्यातल्या काही आज्ञा कामाच्या असतात. किती लिटर हवं ते विचारा, पत्ता घ्या, बुकिंग करा. बाकीच्या वऱ्हाडात एक जाहिरातवाला होता, एक आपलं बोट स्क्रीनवर कुठं थांबतं ते टिपणारा, एक आपण कोणत्या गल्लीत आहोत ते विचारणारा, एक नशिबाचं चाक फिरवायला लावणारा. आणि एक बोलकी बाहुली, नाव गंगा. ती ‘मी काय मदत करू?’ असं विचारत फॉर्मवरच येऊन बसायची.

“यातलं टँकर बुक करायला किती लागतं?” मी विचारलं.

“नवरदेव. बस.”

त्यांनी करून दाखवलं. ब्राउझरला, म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट बघतो त्या ॲपला, त्यांनी सांगितलं की बाहेरच्यांचा कोड चालवू नकोस. पान झटकन उघडलं. फॉर्म स्वच्छ दिसला. मी निम्मा भरलाही. तेवढ्यात पान काळं झालं आणि अक्षरं उमटली: ‘तुमच्या ब्राउझरमध्ये अडथळा आढळला आहे. पाणी हवे असल्यास अडथळा दूर करा.’

इरफानभाई हसले. “अडथळा वो नहीं, आप हो.”

माझी केस तिथं तयार झाली. वऱ्हाडाशिवाय लग्न लागत होतं. तरीही मालक म्हणत होते की वऱ्हाड जेवल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. सगळं स्क्रीनवर होतं तसं आम्ही चित्रित करून ठेवलं आणि त्यावर इरफानभाईंचं शपथपत्र घेतलं.

कायद्याचं सांगते. ‘नकोसा कोड नाकारण्याचा हक्क’ असं एक सरळ कलम आपल्याकडे नाही. तो हक्क निरनिराळ्या कायद्यांतून गोळा करावा लागतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘डार्क पॅटर्न’विरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. डार्क पॅटर्न म्हणजे स्क्रीनवरची लबाडी. एक वस्तू हवी असताना भलतंच करायला भाग पाडणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, पुन्हा पुन्हा टोकत राहणं, या तिन्हीला तिथं मनाई आहे, आणि ‘पाणीपोच’नं तिन्ही एकाच चौकटीत बसवलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा म्हणतो की मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं नाही. फोन हाही कॉम्प्युटरच. आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा सांगतो की संमती मोकळेपणानं दिलेली हवी आणि कामापुरतीच माहिती मागावी. हा कायदा आमच्या केसला अगदी मापाचा होता. अडचण इतकीच की तो मंजूर झाला होता, पण त्या उन्हाळ्यात अजून लागू झालेला नव्हता. पानात सगळं वाढलेलं होतं, जेवायला बसा म्हणणारं कुणी नव्हतं.

मी नोटीस पाठवली. इरफानभाईंच्या दुकानात कोड अडवून पाहिल्याचा उल्लेखही तिच्यात होता. आलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. कंपनीचं म्हणणं होतं की संगीताताईंनी वेबसाइट उघडली, म्हणजेच सगळ्या कोडला परवानगी दिली. इथपर्यंत अपेक्षित होतं. पुढं लिहिलं होतं की त्यांनी ‘अडथळा आणणारी साधने वापरून कंपनीच्या वेबसाइटच्या कार्यात हस्तक्षेप केला’ आणि कंपनी त्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे. म्हणजे, माझ्या घरात येऊ नका असं म्हटल्याबद्दल घरमालकावर पाहुण्याचा दावा.

ताईंना हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“म्हणजे चोर मी?”

“त्यांच्या मते.”

“मग चालवा मॅडम. आता तर चालवाच.”

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्यानंतर जे झालं ते मात्र मजेचं नव्हतं. ताईंनी टँकर बुक करायला त्यांचा नंबर टाकला, तर समोर आलं: ‘आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे.’ आता ‘हो’ दाबायचीही सोय उरली नाही. दुसरे टँकरवाले होते, पण ऐन उन्हाळ्यात ते आपापल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना सोडून नव्याला येत नाहीत. चार दारं फिरून, कुणाच्या बोअरवरून ड्रम भरून त्या दिवस काढत होत्या. एका संध्याकाळी तेही जमलं नाही. खानावळीला कुलूप लावावं लागलं. दुसऱ्या शिफ्टची पोरं आली, कुलूप बघून दुसरीकडे गेली. त्यातली काही परत आलीच नाहीत.

हे सांगायला त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, “तो परभणीचा पोरगा माझ्याकडं आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. रस्त्यात दिसला तर खाली बघून गेला. त्याचं तरी काय चुकलं? उपाशी थोडंच राहील माझ्या केससाठी.”

मी विचारलं, “ताई, थांबायचं का?”

“थांबून पाणी येणार हाय का?”

त्याच दिवशी मी अंतरिम आदेशासाठी अर्ज केला. अंतरिम म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय. तक्रार केली म्हणून सेवा तोडली, ती ताबडतोब चालू करा, एवढीच मागणी होती. या अर्जाची प्रत समोरच्या वकिलांना मिळाली आणि त्यांचा मला फोन आला. अनुभवी माणूस. टँकरवाल्यानं तक्रारदार बाईचं पाणी तोडलं हे आयोगासमोर कसं दिसेल, ते त्यांना आपल्या अशिलापेक्षा बरं कळत होतं.

“मॅडम, एकदा बसूया ना,” ते म्हणाले. “आमच्या ऑफिसला या. चहा घेऊ.”

त्यांचं ऑफिस समर्थनगरात, एका जुन्या अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर. भर दुपारी आम्ही बसलो. एका बाजूला मी आणि संगीताताई. दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब, पांढऱ्या शर्टातले काळे, आणि पुण्याहून आलेला एजन्सीचा चिन्मय. तिशीचा, लॅपटॉपसह. काळे घाम पुसत होते. माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी आल्या आल्या हात जोडले.

“ताई, तुमचं खातं बंद करा असं मी म्हणलो नव्हतो. ते आपोआप झालं म्हणत्यात हे लोक.”

“सिस्टीमनं फ्लॅग केलं सर,” चिन्मय म्हणाला. “लीगल रिस्क म्हणून.”

“बघा. सिस्टीमनं केलं,” काळे म्हणाले. त्यांना तेवढ्यानं समाधान झालेलं दिसलं. “आता एक करू. उन्हाळाभर तुम्हाला टँकर माझ्याकडनं फुकट. तुम्ही केस काढून घ्या. मिटलं.”

मी ताईंकडे पाहिलं. खानावळवाल्या बाईला उन्हाळाभर फुकट पाणी म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. 

“फुकट नको,” त्या म्हणाल्या. “मी विकत घेते पाणी. तुमचं जे सामान माझ्या फोनात येतं ते येऊ नका देऊ. बास.”

“कसलं सामान?” काळ्यांनी खरोखरच विचारलं.

चिन्मय पुढं सरसावला. “सर, त्या ट्रॅकिंगबद्दल बोलतायत. मॅडम, हे इंडस्ट्री स्टँडर्ड आहे. युजर एक्स्पिरियन्स सुधारण्यासाठीच असतं. कस्टमरला आवडतं.”

मी काळ्यांना विचारलं, “तुम्ही कधी बुक केलाय टँकर? तुमच्या वेबसाइटवरून?”

“मी कशाला करू? माझेच टँकर हायेत.”

“आज करून बघा. तुमच्याच फोनवर. यांनी जसं केलं तसं, सगळ्याला नको म्हणून.”

समोरच्या वकिलांनी हात वर केला होता, बहुधा हरकत घ्यायला. पण काळ्यांनी तोवर चष्मा लावला होता. आपल्या वेबसाइटचा त्यांना अभिमान होता. पैसे मोजून घेतलेली होती.

पान उघडायला वेळ लागला. मग चाक आलं. “हे काय?” “फिरवा सर, फिरवा.” काळ्यांनी चाक फिरवलं. त्यांना एका शाम्पूवर सवलत लागली. त्यांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला. तिथं शाम्पूचं काम उरलेलं नव्हतं. मग गंगा आली आणि मदत करू का म्हणाली. तिला बाजूला सारेपर्यंत निळी चौकट आली. काळ्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, फोन डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं.

“नको, मला… कोरडंच… राहू द्या.”

त्यांनी फोन चिन्मयसमोर धरला.

“हे कुनी लिवलं?” काळ्यांनी विचारलं.

“सर, टेस्टिंगमध्ये हे वाक्य सगळ्यात चांगलं चाललं होतं. लोक हो दाबतात.”

“अरे, मी पाणी विकतो! गिऱ्हाइकाला असं बोलतो का आपण? माझा बाप असता तर दारातनं हाकललं असतं मला.”

तरी त्यांनी ‘नको’ दाबलं. चौकट गेली, परत आली. पुन्हा ‘नको’. परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि सगळे करतात तेच केलं. हिरवं बटण दाबलं. फोननं टिंग आवाज केला.

“झालं का? आता फॉर्म कुठंय?”

चिन्मय वाकून बघायला लागला. त्याचा चेहरा किंचित बदलला. “सर, हो दाबलं की फॉर्म येत नाही. वन टॅप बुकिंग आहे. लोकेशन आपोआप घेतो आपण. बुक झाला टँकर.”

“कुठं?”

“इथं.”

“मग कॅन्सल कर.”

कॅन्सल करायला चिन्मयनं फोन घेतला. ‘माझे खाते’, मग ‘मदत’, मग ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’. मग गंगा. गंगेनं विचारलं की तुम्ही खरंच पाण्याला नकार देऊ इच्छिता का. त्यानं हो म्हटलं. तिनं कारण विचारलं. कारणांच्या पर्यायांत ‘चुकून झालं’ हा पर्याय नव्हता. त्यानं ‘मी शहर सोडून जात आहे’ निवडलं. तर नशिबाचं चाक पुन्हा आलं.

“तुम्ही चालू ठेवा, मी बघतो,” तो म्हणाला आणि फोन घेऊन खिडकीपाशी गेला.

आम्ही चालू ठेवलं. वकीलसाहेबांनी तडजोडीचा मसुदा समोर केला. त्यात एक अट होती की तक्रारदारानं या विषयावर कुठंही, कुणाशीही बोलायचं नाही. ताईंनी ती अट मला दोनदा वाचायला लावली. म्हणाल्या, “दिवसभर पन्नास पोरं जेवायला येतात माझ्याकडं. त्यांच्याशी मी काय बोलू मग?” अट काढायची की ठेवायची यावर आमची घासाघीस चालू असतानाच खाली गल्लीत हॉर्न वाजला. लांबलचक.

आम्ही सगळेच गॅलरीत गेलो. ‘पाणीपोच’चा टँकर अपार्टमेंटच्या फाटकासमोर उभा होता. गल्ली त्यानं पूर्ण भरली होती. मागं दोन रिक्षा आणि एक कार अडकून ओरडत होत्या. ड्रायव्हर खाली उतरून वर बघत होता.

“ओटीपी सांगा!” तो ओरडला. मग त्यानं नीट पाहिलं. “मालक? तुम्ही हिथं?”

“कॅन्सल हाय रे ती! जा परत!” काळे वरून ओरडले.

“मला कॅन्सल करता येत नाय मालक. तुम्हीच तर बंद केलंय ते. परत नेला तर माझ्या नावावर दंड पडतो.”

“कुनी ठरवलं हे?”

चिन्मय पाठमोरा होऊन फोनवर एजन्सीशी बोलत होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे एक काका बनियनवर बाहेर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. त्यांनी टँकर पाहिला, वर गॅलरीत वकीलसाहेबांना पाहिलं आणि गहिवरून म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही सांगितलं होतं व्यवस्था करतो, पण इतक्या लवकर!” त्यांनी टाकीचं झाकण काढलंसुद्धा. बायका बादल्या घेऊन आल्या. पाइप लागला. आता अडवणार कोण? वकीलसाहेब त्या दिवसात पहिल्यांदाच खुशीत दिसले. तो टँकर आम्ही बसलो होतो तिथं अचूक पोचला होता, कारण काळ्यांच्या संमतीशिवाय त्यांचा ठावठिकाणा कुणीतरी टिपला होता. संमती त्यांनी दिली नव्हती असंही म्हणता येत नव्हतं. त्यांनी हिरवं बटण दाबलं होतं.

संगीताताई कठड्यावर हात ठेवून टाकीत पडणाऱ्या पाण्याकडं बघत होत्या. त्यांच्या घरी आदल्या दिवसापासून दोनच ड्रम पाणी शिल्लक होतं, हे मला माहीत होतं.

काळ्यांनीही त्यांच्याकडं पाहिलं. मग आत आले, खुर्ची ओढून थेट ताईंसमोर बसले. वकील, मी, चिन्मय, सगळ्यांना वगळून.

“ताई, काय काय काढायचं सांगा.”

“मला त्यातलं कळत नाय. मला पाणी किती पायजे ते विचारा, घर कुठं ते विचारा. दुसरं काही विचारू नका. आणि नको म्हणलं की नको.”

“झालं.”

“आणि फोन उचलायला माणूस ठेवा. सगळ्यांकडं असला फोन नसतो.”

“ठेवतो.”

चिन्मयनं शेवटचा प्रयत्न केला. “सर, ट्रॅकिंग काढलं तर आपल्याला कळणार कसं की कस्टमर कशामुळे येतात?”

“तहान लागली की येतात,” काळे म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईंच्या दारात टँकर उभा राहिला. रीतसर विकतचा. त्यासाठी काळ्यांनी वेबसाइट वापरली नाही, ड्रायव्हरला फोन केला.

तडजोड लेखी झाली. फॉर्ममध्ये फक्त बुकिंगपुरता कोड राहील. बाहेरच्या कुणाचाही कोड ग्राहकानं स्वतः मागितल्याशिवाय येणार नाही. ‘हो’ आणि ‘नको’ची बटणं एकाच मापाची, एकाच रंगाची असतील आणि ‘नको’ म्हटल्यावर पाणी अडवलं जाणार नाही. ताईंची घेतलेली माहिती पुसली जाईल. खानावळ बंद राहिली त्या दिवसाचं नुकसान भरून मिळेल. गप्प बसायची अट निघाली. मराठीत लेखी माफीही मिळाली. ती काळ्यांनी स्वतः लिहिली होती, त्यामुळे वाचता येत होती. आम्ही ती तडजोड आयोगासमोर दाखल केली, नोंद झाली, प्रकरण निकाली निघालं.

नवी वेबसाइट इरफानभाईंनी बनवली. एक पान, काही रकाने, एक बटण. जिथं नेटवर्क जेमतेम असतं तिथंही ते उघडतं, आणि बुकिंग वाढलं. काळ्यांना याचं कारण पक्कं माहीत आहे: त्यांनी टँकरना पिवळा रंग दिला होता. एजन्सीनंही हार मानलेली नाही. चिन्मय आता कंपन्यांना डार्क पॅटर्न कसे टाळावेत यावर सल्ला देतो. फी आधीपेक्षा जास्त आहे असं ऐकते.

काळ्यांनी पेपरातून पत्रकंही वाटली. ‘आमच्याकडे डार्क पॅटर्न नाही!’ ठळक अक्षरांत. त्यानंतर काही दिवस त्यांच्या फोनवरच्या माणसाला लोक विचारत होते की डार्क पॅटर्न पाण्यात कशानं होतो आणि उकळल्यावर जातो का.

ताईंची खानावळ चालू आहे. गेलेली काही पोरं परतली नाहीत. परभणीचा परतला. ताईंनी त्याला ताट वाढलं.

अधूनमधून तरुण वकील माझ्याकडे येतात. असलंच प्रकरण हातात असतं. कुणाचं औषधाचं दुकान, कुणाची क्लासची फी भरायची वेबसाइट. मॅडम, तुमच्या त्या केसचा निकाल द्या, दाखला म्हणून जोडतो. मला त्यांना सांगावं लागतं की निकाल नाही. तडजोड झालेल्या प्रकरणातून दाखला निघत नाही. कोड नाकारण्याचा आपला हक्क आहे, यावर आमच्या बाबतीत कुणी न्यायाधीश काही म्हणाले नाहीत, कारण आम्ही ती वेळच येऊ दिली नाही. कायद्याची पुस्तकं होती तशीच आहेत.

“मग मॅडम, युक्तिवाद काय करायचा?”

युक्तिवाद करा, मी म्हणते. कलमं मी देते. पण त्याआधी समोरच्या मालकाला चहाला बोलवा आणि त्याच्याच फोनवर त्याची वेबसाइट उघडायला सांगा.

ऑफिस मात्र समोरच्या वकिलाचं असू द्या.